भिंतीपलीकडचा भाऊ



मागच्या महिन्यात उपासना संपल्यावर काही जणांनी आम्हाला गाठले. "तुमच्या घरी म्हणे पाइप ऑर्गन आलाय! कोसाडच्या दोन खोल्यांत तो मावला कसा?" त्या वेळी आम्ही हसून वेळ मारून नेली. पण ही गोष्ट हसण्यावारी न्यायची नाही, असे घरी आल्यावर दोघांनाही वाटले. तिच्यात स्पीकर आहेत, वायरी आहेत, आमच्या हातून झालेली एक चूक आहे आणि त्या चुकीतून प्रभूने शिकवलेला एक धडा आहे. म्हणून हे लिहीत आहोत.

ज्यांनी आमचे घर पाहिलेले नाही त्यांच्यासाठी सांगतो. सुरतेहून अहमदाबादच्या दिशेने निघाले की गाडी तापी ओलांडते, उत्राण येते आणि त्यापुढचे स्टेशन कोसाड. मुंबई-अहमदाबाद मार्गच असल्यामुळे गाड्यांची ये-जा रात्रंदिवस चालू असते. मालगाडी गेली की आमच्या खिडकीची काच बारीक थरथरते. घर दुसऱ्या मजल्यावर. पुढची खोली दहा बाय बारा फुटांची, मागे स्वयंपाकघर. पुढच्या खोलीची एक भिंत शेजारच्या घराशी सामाईक आहे. ती भिंत लक्षात ठेवा.

आम्ही दोघे नवरा-बायको मंडळीत साउंडचे काम बघतो. माइक लावणे, वायरी गुंडाळणे, स्पीकरने शिट्टी मारली की धावत जाणे, एवढीच आमची सेवा. त्यामुळे स्पीकरविषयी आपल्याला बरेच कळते, असा आमचा समज होता. तोही लक्षात ठेवा.

आई प्रभूमध्ये निजल्या त्यानंतर आबा गाव सोडून आमच्याकडे आले. आमच्यापैकी एकाचे ते वडील, दुसरीचे सासरे. पण आता हिशोब इतका काटेकोर राहिलेला नाही, आबा दोघांचेही आबाच. नगर जिल्ह्यातल्या आमच्या गावी त्यांनी चाळीस वर्षे उपासनेत पायपेटी वाजवली. दोन्ही पायांनी भाता हलवायचा आणि दोन्ही हातांनी सूर धरायचे. ती पेटी म्हणजे गावच्या मंडळीचा श्वास होता. आबा आजारी पडले की त्या रविवारची गीते नुसत्या टाळ्यांवर चालत.

पायपेटीचा आणि आपल्या मंडळ्यांचा संबंध जुना आहे. पॅरिसच्या अलेक्झांडर दबॅ यांनी हार्मोनियमचे पेटंट घेतले ते १८४२ साली. त्याच वर्षी अमेरिकन मराठी मिशनने अहमदनगरला 'ज्ञानोदय' सुरू केला. पुढे मिशनरींच्या सामानातून पायपेट्या गावोगावच्या मंडळ्यांत पोहोचल्या. मराठी नाटक कंपन्यांनीही तिला 'ऑर्गन' म्हणून आपलेसे केले. रेव्हरंड ना. वा. टिळकांच्या अभंगांपासून पाश्चात्त्य चालीच्या गीतांपर्यंत सगळे 'उपासना संगीत' आबांनी त्या एका पेटीवर वाजवले. शेवटी पेटीच्या लाकडाला वाळवी लागली आणि भाता फाटला. दुरुस्त करणारा माणूस मिळाला नाही, आणि एक दिवस ती मंडळीच्या मागच्या खोलीत गेली.

कोसाडला आल्यावर आबा रविवारी आमच्याबरोबर येत, पण गाणी सुरू झाली की खाली मान घालून बसत. आम्हाला वाटले, आईची आठवण येत असेल. एकदा विचारले तेव्हा म्हणाले, "अरे, मला गाणं ऐकूच येत नाही. घोंगडीच्या आतून कुणी गातंय असं वाटतं."

कानांची तपासणी केली. म्हातारपणी बहुतेकांचे होते तेच झाले होते. वरचे, बारीक सूर आधी जातात. बोलण्यातले स, श, फ, त हे आवाज त्यातच असतात, म्हणून माणसाला आवाज येतो पण शब्द कळत नाहीत. खालचे, जाड सूर मात्र बरेच शाबूत असतात. कानाचे यंत्र घेतले. बोलण्यासाठी त्याचा चांगला उपयोग झाला, पण संगीत सुरू झाले की ते आबांना नकोसे होई. यंत्र मुख्यतः माणसाच्या बोलण्यासाठी बनवलेले असते, पेटीच्या लांब सुरांपुढे ते गोंधळते.

त्या दिवशी घरी परतताना आबांनी एक जुनी आठवण सांगितली. तरुणपणी ते मुंबईला गेले होते तेव्हा एका कॅथलिक मित्राने त्यांना कुलाब्याच्या होली नेम कॅथेड्रलमध्ये नेले. तिथला पाइप ऑर्गन प्रसिद्ध आहे. आबा म्हणाले, "मी मागच्या बाकावर बसलो होतो. त्यानं खालचा सूर धरला आणि माझ्या खालचा बाक थरथरला. कानानं नाही ऐकलं रे मी, पाठीच्या कण्यानं ऐकलं. पुन्हा कधी तसं झालं नाही."

आम्ही एकमेकांकडे पाहिले. आबांचे खालचे सूर अजून शाबूत आहेत, असे त्याच दिवशी आम्हाला सांगण्यात आले होते.

इथून आमचा उद्योग सुरू झाला. खऱ्या पाइप ऑर्गनमध्ये प्रत्येक सुरासाठी वेगळी नळी असते. काही लोक चर्चमध्ये मायक्रोफोन लावून एकेका नळीचा आवाज ध्वनिमुद्रित करतात. एका ऑर्गनच्या शेकडो, कधी हजारो नळ्या. हा सगळा साठा संगणकाच्या मेमरीत भरायचा, संगणकाला साधा कीबोर्ड जोडायचा, आणि कळ दाबली की त्या दूरच्या चर्चमधल्या नळीचा खरा आवाज स्पीकरमधून येतो. याला व्हर्च्युअल पाइप ऑर्गन म्हणतात. हाउप्टवर्क नावाचे विकतचे सॉफ्टवेअर आहे, आणि ग्रँडऑर्ग नावाचे मोफत. आम्ही अर्थात मोफत घेतले. ऑस्ट्रियातल्या फ्रीसाख गावच्या चर्चमधील ऑर्गनचा संच त्यासाठी फुकट मिळतो, तो उतरवून घेतला. मुलाचा जुना लॅपटॉप होता, दोन वापरलेले कीबोर्ड मिळाले. ते एकावर एक मांडायला सुताराकडून फळ्यांचा घोडा करून घेतला आणि बसायला एक लाकडी बाक.

मंडळीतल्या एका वडिलांनी विचारले, "पण हा खरा ऑर्गन कुठे झाला?" प्रश्न योग्य आहे. आम्हाला फिलिपाइन्समधला लास पिन्यासचा ऑर्गन आठवला. दिएगो सेरा नावाच्या धर्मगुरूंनी तो १८२४ साली पूर्ण केला. त्याच्या १,०३१ नळ्यांपैकी ९०२ नळ्या बांबूच्या आहेत, कारण त्या गावात बांबू हाताशी होता. तो ऑर्गन आजही वाजतो. त्यांच्या हाताशी बांबू होता, आमच्या हाताशी मुलाचा लॅपटॉप. स्तोत्र १५० मध्ये वाद्यांची मोठी यादी आहे, पण ती कशाची बनवावीत याची अट तिथे नाही.

पहिल्या दिवशी लॅपटॉपच्याच स्पीकरवर लावून पाहिले. आबा दोन ओळी वाजवून थांबले. "मी बोट उचलतो तेव्हा हा बोलायला लागतो." कळ दाबणे आणि आवाज येणे यात अंतर पडत होते. लॅपटॉप आवाजाचे लहान लहान घास करून बाहेर पाठवतो, घास मोठा असेल तर उशीर होतो. एक छोटा ऑडिओ इंटरफेस घेतला आणि तो घास २५६ नमुन्यांचा केला. सेकंदाला ४८,००० नमुने या वेगाने म्हणजे साधारण पाच मिलिसेकंद. आबांची तक्रार मिटली. तसे मोठ्या चर्चमध्ये नळ्या तीस फुटांवर असल्या तर आवाजाला वाजवणाऱ्यापर्यंत यायला सत्तावीस मिलिसेकंद लागतातच, पण तिथल्या वादकाला त्याची सवय झालेली असते.

मग दोन स्पीकर आणले, मॉनिटर म्हणतात तसे. ते लावताच 'हूं' असा एकसारखा गुणगुणाट सुरू झाला. लॅपटॉपचा चार्जर एका भिंतीतल्या प्लगला, स्पीकर दुसऱ्या भिंतीतल्या. इलेक्ट्रिशियनने पाहिले तर त्यातल्या एका प्लगला अर्थिंगच नव्हते. ते करून घेतले, सगळे एकाच बोर्डावर आणले, स्पीकरला बॅलन्स्ड केबल लावल्या. गुणगुणाट गेला. मंडळीत कुणाला हा त्रास असेल तर आधी प्लग तपासा, मिक्सरला दोष मागाहून द्या.

आता खालच्या सुरांचे काय? ऑर्गनमध्ये नळीची लांबी फुटांत सांगतात. आठ फुटी नळी म्हणजे सेकंदाला सुमारे ६५ कंपने. सोळा फुटी नळी त्याच्या निम्मी, सुमारे ३३. आबांचा बाक हलवणारा सूर तो हाच, किंवा त्याच्याही खालचा. आमच्या स्पीकरचे कोन पाच इंची, त्यांना इतक्या खाली उतरता येत नाही. म्हणून सबवूफर आणला. तो खोलीच्या कोपऱ्यात ठेवला की दोन्ही भिंती आणि जमीन मिळून त्याचा आवाज वाढवतात, हे आम्हाला माहीत होते. रिकामा कोपरा एकच होता, सामाईक भिंतीकडचा. तिथेच ठेवला. ग्रँडऑर्गमध्ये खालच्या कीबोर्डच्या डावीकडच्या सप्तकाला पायाच्या नळ्या जोडून दिल्या.

त्या दुपारी आबा बाकावर बसले. डाव्या हाताने सर्वांत खालची पांढरी एक दाबली आणि धरून ठेवली. खोली भरून गेली. आबांनी डोळे मिटले. थोड्या वेळाने म्हणाले, "आलं." मग पुन्हा, "आलं रे आलं." आणि त्यांनी लग्नानंतरच्या पहिल्या रविवारी आईंसमोर वाजवलेले गीत वाजवायला घेतले. आम्ही दोघे स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून रडत होतो, हे सांगायला लाज वाटत नाही.

लाज वाटते ती पुढच्या गोष्टीची.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या वहिनी आल्या. हे कुटुंब नंदुरबारकडचे, खान्देशातले. त्या संकोचून म्हणाल्या, "ताई, आमची मांडणीवरची भांडी वाजतात हो. दुपारी ताट खाली पडलं." आम्ही हसलो. "भूकंप समजलात की काय?" असेही म्हणालो. आवाज थोडा कमी केला आणि विसरून गेलो. चौथ्या दिवशी आबा रंगात आले होते, त्यांनीच आवाज वाढवायला सांगितला, आम्ही वाढवला.

त्या संध्याकाळी शेजारचे भाऊ स्वतः दारात आले. सुरतेत प्रत्येकाच्या नावामागे 'भाई' लागतो, पण यांना आम्ही गावाकडच्या रीतीने 'भाऊ'च म्हणतो. ते लूमवर कामाला आहेत. पंधरा दिवस दिवसपाळी, पंधरा दिवस रातपाळी, बारा बारा तासांची. आत या म्हटले तरी आले नाहीत. उंबऱ्याबाहेर उभे राहून हळू आवाजात म्हणाले, "दादा, माझी रातपाळी चालू आहे. चार दिवस झाले, दुपारचा झोपलो नाही. काल रात्री लूमवर उभ्या उभ्या डोळा लागला. हात आत जाता जाता राहिला. बाजूच्या कारागिरानं ओढलं म्हणून." आणि मग, "तिथं बारा तास कानात ठकठक असते. घरी आल्यावर तेवढीच शांतता मिळते. बाबांना वाजवू द्या, फक्त जरा..." पुढे ते बोलले नाहीत. कामावर जायची वेळ झाली होती, ते जिना उतरून गेले.

खरे सांगायचे तर त्या क्षणी आमच्या मनात आधी आली ती बाजू मांडण्याची बुद्धी. आम्ही दुपारीच वाजवतो, रात्री नाही. म्हाताऱ्या माणसाचा एवढाच आनंद आहे. मालगाडी जाते तेव्हा काही कुणी तक्रार करत नाही. आणि शेवटचे, सगळ्यांत वाईट: ही तर देवाची उपासना आहे.

आबांना सगळे ऐकू गेले नव्हते. भाऊ काय म्हणाले ते त्यांनी विचारले, आम्ही जरा सौम्य करून सांगितले. पण आबांनी चेहरे वाचले आणि पुन्हा विचारले. तेव्हा खरे सांगितले, हाताचेही. आबा काही बोलले नाहीत. रात्री कौटुंबिक प्रार्थनेला त्यांनी मत्तयाचा ५ वा अध्याय काढायला सांगितला, वचने २३ आणि २४. प्रभू येशू तिथे काय सांगतात ते आपणा सर्वांना ठाऊक आहे. वेदीपाशी दान आणले आणि आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर दान तिथेच ठेवायचे आणि आधी भावाशी समेट करायला जायचे.

हे वचन आम्ही कितीदा ऐकले असेल! पण त्यात एक गोष्ट आम्हाला कधी दिसली नव्हती. आपल्या मनात भावाविषयी राग आहे का, हा तिथला प्रश्नच नाही. आमच्या मनात भाऊंविषयी काहीच नव्हते. त्यांच्या मनात आमच्याविषयी काय आहे, हा प्रश्न आहे. आणि तो प्रश्न सोडवायला त्यांच्या घरी जावे लागते.

आबा उठले, कीबोर्डवर चादर घातली आणि म्हणाले, "तोवर पेटी बंद."

रविवारी भाऊंना सुट्टी होती. आम्ही उपासनेहून आलो आणि तसेच त्यांच्या दारात गेलो. क्षमा मागितली, भांड्यांवर हसलो त्याचीही. मग म्हणालो, "तुमच्या घरी बसून ऐकायचं आहे, चालेल का?" भाऊंना आधी कळेना. मग वहिनींनी चहा टाकला.

एकाने आमच्या घरी एकेक कळ दाबायची, दुसरीने भाऊंच्या घरी भिंतीला तळहात लावून बसायचे, आणि फोनवर सांगत राहायचे. आबांसाठी स्पीकर लावताना आम्ही सगळे मोजमाप आमच्या बाजूने केले होते. भिंतीच्या त्या बाजूने ऐकण्याचे आमच्या डोक्यातच आले नव्हते. तिकडे बसल्यावर कळले की वरचे सूर जवळजवळ येतच नाहीत. गीताची चाल, शब्द, गोडवा, सगळे आमच्या घरात राहते. पलीकडे जाते ती फक्त घरघर. आम्ही ज्याला स्तुती म्हणत होतो ती भाऊंच्या उशाशी पोहोचेपर्यंत नुसता धक्का होत होती.

आणखी एक गोष्ट कळली. सगळे खालचे सूर सारखे त्रास देत नव्हते. दोनच सुरांना भांडी वाजत, काळी तीन आणि पांढरी सहा. कारण आमच्या खोलीच्या मापात होते. दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये ठरावीक लांबीची लहर बरोबर बसते आणि आवाज फुगतो. बारा फुटांच्या अंतरात सुमारे ४७ कंपनांची, दहा फुटांच्या अंतरात सुमारे ५६ कंपनांची. सोळा फुटी नळ्यांत काळी तीन ४६ आहे आणि पांढरी सहा ५५. कोपऱ्यातला सबवूफर नेमका हेच दोन सूर फुगवत होता, आणि तो टेकला होता त्याच भिंतीपलीकडे वहिनींची मांडणी होती.

मग काय काय केले, ते ज्यांना उपयोगी पडेल त्यांच्यासाठी सांगतो.

सबवूफर कोपऱ्यातून आणि सामाईक भिंतीपासून हलवला. ग्रँडऑर्गमध्ये एकेका नळीचा आवाज कमी-जास्त करता येतो, तिथे ते दोन सूर उतरवले. खरे ऑर्गन बांधणारेही चर्चमध्ये बसून नळ्या अशाच त्या वास्तूच्या मापाने जुळवून घेतात.

स्पीकर खोलीच्या टोकाला होते, ते आबांच्या जवळ आणले, कानांच्या उंचीवर, दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर. स्पीकरचे अंतर निम्मे झाले की थेट येणारा आवाज सुमारे सहा डेसिबलने वाढतो. तेवढेच बटण खाली आणता येते. आबांना तेवढेच मिळते आणि घराला कमी.

तरीही मूळ अडचण होतीच. सबवूफर कितीही हलवला तरी सोळा फुटी सूर भिंतीला जुमानत नाही. त्याची एक लहर दहा मीटरहून लांब असते, आमची वीट तिला काय अडवणार? आणि आबांना तर तोच सूर हवा. दोघांच्या गरजा एकमेकींच्या आड येत होत्या. आठवडाभर चादर कीबोर्डवरच होती.

उत्तर आबांच्याच आठवणीत होते, आम्हीच बहिरे होतो. ते काय म्हणाले होते? कानाने नाही, बाक थरथरला. मग सगळी हवा कशाला हलवायची? बाकच हलवावा!

बेस शेकर नावाचे एक लहान यंत्र मिळते. स्पीकरसारखेच, पण त्याला कोन नसतो. आत एक वजन हलते आणि ज्या लाकडाला ते स्क्रूने घट्ट बसवले असेल ते लाकूड थरथरते. काही चित्रपटगृहांच्या खुर्च्यांना आणि ड्रम वाजवणाऱ्यांच्या आसनाला ते लावतात. आम्ही ते आबांच्या बाकाखाली बसवले. सबवूफरची वायर काढून छोट्या अँप्लिफायरमार्फत त्याला दिली. बाकाच्या चारही पायांखाली जाड रबराचे तुकडे ठेवले, नाहीतर खालच्या मजल्यावरच्या लोकांची भांडी वाजली असती. सबवूफर आता मंडळीच्या स्टोअरमध्ये आहे.

भाऊंनी स्वतः येऊन परीक्षा घेतली. ते त्यांच्या घरी झोपायच्या जागी आडवे झाले, आम्ही पांढरी सहा धरून ठेवली. फोनवर म्हणाले, "वाजवा ना." आम्ही म्हणालो, "वाजतंय की!" "मग काही नाही. मिक्सर लावला तरी याच्यापेक्षा जास्त येतं." वहिनींचे हसणे फोनमधून ऐकू आले.

मग आबांना बसवले. त्यांनी खालची पांढरी एक दाबली. चेहऱ्यावर काहीच दिसेना. आम्ही धास्तावलो. अँप्लिफायर थोडा वाढवला. आबांनी बाकाच्या फळीवर हात ठेवला, मग दोन्ही हात, आणि तसेच बसून राहिले. म्हणाले, "मुंबई."

भाऊंच्या पाळीचा कागद आता आमच्या फ्रिजवर लावलेला असतो. रातपाळी असली की दुपारी चारनंतरच वाजवायचे. एकदा आबांना वेळेचा विसर पडला, दोनलाच बसले. आम्ही धावत गेलो तर त्यांनी हेडफोन लावले होते आणि खालून बाक थरथरत होता. घरात एक शब्दही ऐकू येत नव्हता. आबा मात्र मोठ्याने गात होते, तेही बेसूर, कारण हेडफोनमुळे स्वतःचा आवाज कळत नव्हता. भाऊंची झोप त्या दिवशी मोडली ती ऑर्गनने नव्हे! त्यांनी नंतर सांगितले की जाग आली, पण बाबा गात आहेत हे कळल्यावर पुन्हा डोळा लागला.

परवा सुट्टीच्या दिवशी भाऊ आले, आबांच्या शेजारी बाकावर बसले. आबांनी वाजवायला सुरुवात केली. भाऊंनी एकदम खाली पाहिले. "हे तर लूमसारखं आहे! पायाखालून येतं." थोडा वेळ बसले. मग म्हणाले, "लूम असं गुळगुळीत असतं तर काय पाहिजे होतं." त्यांच्याही एका कानात आता सतत शिट्टी वाजते, हे त्यांनी त्या दिवशी प्रथमच सांगितले. त्यांचे वय जेमतेम चाळीस. आम्ही त्यांना कान तपासायला घेऊन जाणार आहोत, आबांना नेले होते तिथेच. कामावर कानात घालायची बोळी त्यांच्यासाठी आणून ठेवली आहेत. वापरतात की नाही, ते वहिनी बघतात.

बंधू-भगिनींनो, नाताळ जवळ येत आहे. मंडळीमंडळीत नवे स्पीकर येतील, जुने मोठ्याने लागतील. साउंडचे काम करणारे म्हणून एकच विनंती करतो. या वर्षी सराव चालू असताना एकाने बाहेर जावे. शेजारच्या घराचे दार वाजवावे, परवानगी घेऊन आत बसावे आणि आपली उपासना त्यांच्या बाजूने ऐकावी. कुणी आजारी असेल, कुणाचे बाळ नुकतेच झोपले असेल, कुणी रातपाळी करून आले असेल. आमोसच्या ५ व्या अध्यायात देव आपल्याच लोकांच्या गीतांचा गोंगाट दूर करायला सांगतो, कारण गीते होती पण शेजाऱ्याला न्याय नव्हता. तो अध्याय आम्ही पूर्वी इतरांसाठी वाचत होतो.

आवाज वाढवायला एक बटण पुरते. कुणाला काय ऐकू येत नाही आणि कुणाला काय नको असताना ऐकू येते, हे कळायला मात्र त्याच्या घरी जाऊन बसावे लागते. आबांच्या बाबतीत ते आम्ही केले, भाऊंच्या बाबतीत उशिरा केले.

हे प्रभो, आमच्या ओठांवर तुझी स्तुती ठेव, आणि भिंतीला लावायला हात दे. आमच्या गाण्याने ज्यांची झोप मोडली त्यांच्या दारी जायचे धैर्य दे. ज्यांचे कान थकले आहेत त्यांच्यापर्यंत तुझा सूर पोहोचव, जशी तुझी इच्छा असेल त्या वाटेने. येशूच्या नावाने मागतो. आमेन.